बोलून लिहावं की टाइप करून? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नोंदी ठेवण्यासाठी आणि विचार करण्यासाठी फोनला बोलून लिहिणं बरं की टाइप करणं, यावर सोलापूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी सहा इथं घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपती केली आहेत, प्रश्न मूळचेच आहेत.

मी राज्यसेवेची तयारी करते. सात रस्त्याजवळच्या अभ्यासिकेत दिवसभर बसते. मैत्रिणी लॅपटॉपवर नोट्स टाइप करतात, एक जण तर घरी जाऊन मोबाइलला बोलून नोट्स काढते. माझं अजून वहीतच चाललंय. मी मागे पडतेय का?

वहीमुळे कुणी मागे पडत नाही. नोट्स काढताना डोक्यात काय चाललं होतं, यावर सगळं अवलंबून असतं.

अमेरिकेत २०१४ साली म्युलर आणि ओपनहायमर या दोन संशोधकांनी व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. लॅपटॉपवाल्यांनी जास्त शब्द लिहिले, पण ते वक्त्याचेच शब्द होते, जसेच्या तसे. समज तपासणाऱ्या प्रश्नांत हातानं लिहिणारे पुढे निघाले. हा निष्कर्ष खूप गाजला. पुढे २०१९ आणि २०२१ साली इतरांनी तेच प्रयोग पुन्हा केले, तेव्हा लॅपटॉपवर जसंच्या तसं उतरवलं जातं हे पुन्हा दिसलं, पण गुणांमधला फरक तितका ठामपणे दिसला नाही. तेव्हा ‘वही चांगली, लॅपटॉप वाईट’ असा सरसकट निकाल लावता येत नाही. दुसऱ्याचं वाक्य आपल्या डोक्यातून न जाता थेट कागदावर किंवा पडद्यावर उतरलं, की अभ्यास झाल्यासारखा फक्त वाटतो, एवढं मात्र लक्षात ठेवा.

हे टाळायचा साधा उपाय असा. दोन पानं वाचा, पुस्तक मिटा आणि तीन ओळी लिहा. पुस्तक उघडं ठेवून एकही ओळ लिहू नका. मग त्या ओळी पेनानं लिहिल्या काय नि टाइप केल्या काय, फार फरक पडत नाही.

टाइप करण्याचा खरा फायदा बदलत राहणाऱ्या मजकुराला आहे. चालू घडामोडी, योजनांच्या अटी, अर्थसंकल्पातले आकडे हे सगळं टाइप केलेलं बरं. आकडा बदलला की तिथल्या तिथे बदलता येतो आणि सहा महिन्यांनी एका शब्दावर शोधता येतो. नकाशे, घटनाक्रमाच्या रेषा, बाण, तक्ते वहीतच ठेवा. मुख्य परीक्षेचं वर्णनात्मक उत्तर हातानंच लिहायचं असल्यामुळे रोज निदान एक उत्तर वेळ लावून हातानं लिहायलाच हवं.

आणि बोलणं? अभ्यासिकेत ते शक्य नाही आणि नोट्स ‘काढायला’ ते फारसं उपयोगीही नाही. उजळणीला मात्र ते फार चांगलं आहे. घरी गेल्यावर पुस्तक बंद करून एका मुद्द्यावर दोन मिनिटं फोनला सांगा, मग उमटलेला मजकूर नोट्सशी ताडून पाहा. जे आठवलं नाही ते त्या मजकुरात नसतं, म्हणजे उद्या काय वाचायचं ते तुमच्या हातात येतं. वर्गातलं व्याख्यान फोनला ऐकवून आपोआप मजकूर मिळवण्याच्या मोहात मात्र पडू नका. तासाभरात सहा हजारांच्या आसपास शब्द जमा होतात. ते पुन्हा वाचायलाच अर्धा तास जातो, आणि ऐकतानाही लक्ष नसतं कारण ‘फोन घेतोय’. शिवाय त्यासाठी सरांची परवानगी लागते ती वेगळीच.

मी निवृत्त शिक्षक, जुळे सोलापुरात राहतो. गिरण्यांच्या काळातल्या सोलापूरबद्दल लिहायला घेतलं आहे. बोटं दुखतात म्हणून नातवानं फोनवर बोलून लिहायला शिकवलं. पण दुरुस्तीत इतका वेळ जातो की हातानं लिहिलं असतं तर बरं, असं वाटतं. विरामचिन्हं येत नाहीत, ‘सोलापूर ला’ असं तुटक उमटतं. काय चुकतंय?

सर, आधी हिशेब मांडू. तीनशे शब्दांचं टिपण मिनिटाला ११० शब्दांनी बोललं तर तीन मिनिटांत होतं. एक चूक दुरुस्त करायला, म्हणजे बोट ठेवून, खोडून, नीट लिहायला, साधारण आठ सेकंद धरा. शंभरात दहा शब्द चुकले तर दुरुस्तीला चार मिनिटं, एकूण सात. शंभरात वीस चुकले तर आठ मिनिटं, एकूण अकरा. ‘मराठी ३०’ची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांच्या टंकलेखनाची, परीक्षा पास झालेला माणूस तेच टिपण दहा मिनिटांत टाइप करतो. म्हणजे त्याच्यासाठी शंभरात सतरा-अठरा चुकांच्या पुढे बोलणं तोट्याचं. पण जो मिनिटाला पंधराच शब्द टाइप करतो त्याला वीस मिनिटं लागतात, त्याला वीस चुकाही परवडतात. तुम्ही शंभर शब्द बोला आणि चुका मोजा. वीसच्या आत असाल तर बोलणं सोडू नका. जास्त असतील तर खालच्या गोष्टी एकेक करून तपासा.

पहिली गोष्ट भाषेची. जीबोर्ड या गुगलच्या ॲपमध्ये कळफलक ज्या भाषेचा, त्याच भाषेत माइक ऐकतो. इंग्रजी कळफलक समोर असताना मराठी बोलणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. माइकवर बोट ठेवण्याआधी स्पेसबारवर ‘मराठी’ लिहिलेलं दिसलं पाहिजे.

दुसरी माइकची. फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळ बारीक भोकात असतो. तळहातानं तो झाकला जातो किंवा कव्हरच्या कडेखाली दबतो. फोन तोंडापासून वीतभर दूर आणि थोडा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळतो आणि तो शब्द बिघडतो. ब्लूटूथ इअरफोनपेक्षा वायरचा साधा इअरफोन चांगला. ब्लूटूथचा माइक सुरू झाला की आवाज फोनकॉलच्या दर्जाला उतरतो. त्यात बारीक व्यंजनं पुसली जातात, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ ओळखायला नेमके तेच वरचे सूर लागतात.

तिसरी गोष्ट सोलापूरची म्हणून सांगतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना पंखा बंद करा असं कुणी सांगणार नाही. पण पंख्याच्या आवाजापेक्षा त्याची हवा जास्त नुकसान करते. माइकवरून हवा गेली की सतत घरघर नोंदली जाते आणि शब्दांची सुरुवात तिच्यात बुडते. पंखा चालू राहू दे, फोन झोताच्या बाहेर ठेवा. उभ्या पुस्तकाच्या आडोशाला ठेवला तरी काम होतं. कूलरचं मात्र वेगळं आहे. त्याचा पंप, पाणी आणि पंखा मिळून जो आवाज होतो त्यात दहा मिनिटं बोलायचं तर कूलर बंदच करावा लागतो. सकाळी सहा-सातची वेळ त्यापेक्षा बरी.

आता विरामचिन्हं. संगणकावर गुगल डॉक्समध्ये क्रोममधून ‘टूल्स’ मेनूतलं ‘व्हॉइस टायपिंग’ निवडलं (कंट्रोल-शिफ्ट-एस) की मराठी चालते. पण बोलून विरामचिन्हं देण्याची सोय तिथं इंग्रजीसारख्या मोजक्या भाषांपुरती ठेवलेली आहे. फोनवर ‘पूर्णविराम’ म्हणून एकदा पाहा. चिन्हाऐवजी तो शब्दच उमटला तर नाद सोडा. एक वाक्य बोला, थांबा, एंटर दाबा. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर येऊ द्या. ओळींचा परिच्छेद नंतर करता येतो, पण सलग तीनशे शब्दांतून वाक्य कुठं संपलं ते शोधणं फार कटकटीचं आहे.

तुटलेले प्रत्यय हातानं एकेक जोडत बसू नका. संगणकावर कंट्रोल-एच दाबून शोधा-बदला करा. ‘ चा ’ अशी दोन्हीकडे जागा सोडून शोधायचं आणि पुढची जागा काढून ‘चा ’ असं बदलायचं. चा, ची, च्या, ला हे सुटे शब्द म्हणून जवळजवळ येतच नाहीत, म्हणून ते एका दमात बदलले तरी चालतं. पण ‘ने’, ‘ना’, ‘शी’, ‘वर’, ‘साठी’, ‘मुळे’ यांना असं करू नका. ‘हे घेऊन ने’ यातला ने, नवरा या अर्थाचा वर, वयाची साठी, झाडाची मुळे, सगळं मागच्या शब्दाला जाऊन चिकटेल. हे एकेक पाहूनच बदलायचे.

तुमच्या लेखनात नरसिंग गिरजी मिल, लक्ष्मी-विष्णू मिल अशी नावं पन्नास वेळा येणार. ती दर वेळी वेगळी उमटतात. म्हणून बोलताना ‘लाल मिल’, ‘निळी मिल’ असं काहीतरी सोपं म्हणा, आणि शेवटी ‘लाल मिल’च्या जागी ‘नरसिंग गिरजी मिल’ बदलून घ्या. ‘मिल’ हा शब्द दोन्हीकडे ठेवला की ‘मिलमध्ये’, ‘मिलच्या’ ही रूपंही आपोआप बरोबर येतात.

बोलताना दुरुस्ती करायला थांबू नका, पण बोललेलं त्याच दिवशी वाचा. ‘तो दिन होता’ हे आज वाचलं तर ‘तो दीन होता’ म्हणायचं होतं हे तुम्हाला कळतं. आठवड्यानं कळणार नाही. महत्त्वाच्या भागाला शेजारी दुसऱ्या फोनवर आवाजही नोंदवून ठेवा. एकाच फोनवर दोन्ही सहसा एकदम चालत नाही.

मी विद्यापीठात पीएचडी करते आहे. मार्गदर्शकांशी बोलताना मला भराभर सुचतं. लॅपटॉप उघडला की एक परिच्छेद होत नाही. म्हणून डॉक्समध्ये बोलून लिहून पाहिलं, तर त्याहून वाईट. वाक्यच पूर्ण होत नाहीत. असं का?

कारण बोलून लिहिताना तुम्ही एकाच वेळी तीन कामं करत होता. विचार करणं, त्याला वाक्याचं रूप देणं आणि पडद्यावर काय उमटतंय त्यावर नजर ठेवणं. पडद्यावरचे शब्द शांत बसत नाहीत. यंत्र आधी एक अंदाज उमटवतं आणि पुढचे शब्द ऐकून मागचे बदलतं. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे वाक्य संपेपर्यंत ही चुळबुळ चालू राहते. डोळा तिकडे गेला की धागा तुटलाच.

त्याखाली आणखी एक कारण आहे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी २००० साली ते मांडलं होतं. बोलायला जी अल्पकालीन स्मृती लागते, तीच शब्दांत विचार करायलाही लागते. हात आणि डोळ्याचं काम मेंदूत वेगळीकडे चालतं. म्हणून टाइप करता करता पुढचं वाक्य जुळवता येतं, पण एक वाक्य बोलता बोलता पुढचं नेमकं वाक्य घडवणं जड जातं. ज्याचे हात कळांवर बसले आहेत त्याला टाइप करताना विचाराला जागा उरते. ज्याला कळ शोधावी लागते त्याची ती जागा कळ शोधण्यातच जाते.

मार्गदर्शकांसमोर मात्र वेगळं घडतं. तिथं समोरच्याला समजतंय की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. ते ‘म्हणजे काय?’ विचारतात आणि तुम्ही तेच अधिक सोपं करून सांगता. तिथं नेमक्या वाक्याची गरजच नसते. सुचणं बोलण्यातून येतं हे तुमचं निरीक्षण खरंच आहे. फक्त ते श्रुतलेखनातून, म्हणजे यंत्राला बोलून लिहिण्यातून, येत नाही, संवादातून येतं. म्हणून विचार करायचा असेल तेव्हा श्रुतलेखन बंद ठेवा आणि साधं रेकॉर्डर वापरा. पडदा काळा, फोन खिशात किंवा हातात उलटा.

सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं सकाळी चालताना दहा मिनिटं पुरतात. वारा असेल तर माइकची बाजू तळहाताच्या आड धरा. सुरुवातीला प्रश्न एका वाक्यात बोला: ‘हातमाग सोडून यंत्रमागाकडे आलेल्या कुटुंबांत बायकांच्या कामाचं काय झालं?’ असा नेमका. विषय नाही, प्रश्न. मग कुणाला तरी समजावून सांगताय असं बोला. मध्येच काही चांगलं सापडलं की ‘मुद्दा’ असा एक शब्द मोठ्यानं म्हणा. अडलात तर ‘इथं अडलं’ म्हणा, गप्प राहू नका. दहा मिनिटं झाली की थांबा, पंधरावर जाऊ नका. त्यापुढे माणूस स्वतःचंच पुन्हा बोलायला लागतो.

घरी आल्यावर तासाभरात ते दीडपट वेगानं ऐका. दहा मिनिटांचं सात मिनिटांत होतं. ऐकताना आठ-दहा ओळींपेक्षा जास्त टाइप करू नका. हा टप्पा गाळून आवाजाचा आपोआप मजकूर करून घ्यायची साधनं आहेत. ओपनएआयनं २०२२ साली खुलं केलेलं व्हिस्पर मराठीही उतरवतं. पण दोन गोष्टी सांभाळा. शांततेच्या किंवा गोंगाटाच्या जागी ते कधी कधी न बोललेली वाक्यं घालतं आणि ती वाक्यं व्याकरणानं इतकी स्वच्छ असतात की संशय येत नाही. आणि दुसरं, हजार शब्दांचा अघळपघळ मजकूर समोर आला की माणूस तोच कापूनकोरून प्रकरण करायला जातो. बोलण्यातलं ‘म्हणजे’, ‘तसं बघितलं तर’, तीन वेळा आलेला एकच मुद्दा, हे सगळं प्रबंधात शिरतं. स्वतः ऐकून दहा ओळी लिहिताना तुम्ही निवड करता आणि त्या निवडीतच अर्धा विचार होतो.

त्या दहा ओळी आल्या की लॅपटॉप. ओळी वर-खाली हलवून क्रम लावणं, दोन ओळींच्या मध्ये ‘पण का?’ लिहिणं, एक ओळ पूर्ण उडवणं हे बोलून होत नाही. बोलणं सरळ रेषेत पुढे जातं, मागे जाऊन मधली वीट काढता येत नाही. तुमचा परिच्छेद कोऱ्या पानावर अडत होता. या ओळींखाली तो अडणार नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा यंत्रमागाचा कारखाना आहे, चादर आणि टॉवेल. कोणत्या मागावर काय बिघाड झाला ते शेडमध्येच फोनला बोलून नोंदवायचं ठरवलं, पण काहीच्या काही येतं. महागडा माइक घेतला तर जमेल का?

माइकवर पैसे घालू नका. साधं बोलणं मीटरभर अंतरावर साठ-पासष्ट डेसिबल असतं आणि माग चालू असलेल्या शेडमध्ये आवाज सहज नव्वदच्या वर जातो. बोलणं नीट ओळखायचं तर ते गोंगाटापेक्षा पंधरा-वीस डेसिबलनं वर हवं. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल मिळतात. वीस सेंटिमीटरवरून पाचवर आणलंत तर बारा. तेवढ्यानं हे अंतर भरत नाही. ओरडलं तर आवाज फाटतो आणि यंत्र साध्या बोलण्यावर शिकलेलं असल्यामुळे ओरडलेलं आणखीच चुकतं.

शिवाय तुमचे शब्द त्याच्या ओळखीचे नाहीत. ‘पिक’ (आडव्या धाग्याची एक फेरी) म्हणालात तर शेतातलं ‘पीक’ येऊ शकतं, ‘बाणा’चं (आडव्या धाग्याचं) काहीही होतं, ‘सूत’चं ‘सुत’ होतं. आणि शेडमध्ये अर्धं बोलणं तेलुगूत चालतं.

शेडमध्ये बोलायचं नाही, निवडायचं. गुगल फॉर्ममध्ये चार रकाने करा: माग क्रमांक, बिघाड, वेळ, किती मीटरला. बिघाडाची यादी आधीच भरून ठेवा: ताणा (उभा धागा) तुटला, बाणा तुटला, धोटा (बाणा नेणारा) अडकला, कांडी (धोट्यातलं सूत) संपून माग चालत राहिला, डिझाइन चुकलं, डाग. जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा मुकादम, अंगठ्यानं टिचक्या मारतो आणि नोंद पूर्ण होते. पर्याय मराठी आणि तेलुगू दोन्ही लिपींत लिहा, पण क्रमांक एकच ठेवा, म्हणजे महिन्याअखेर बेरीज करता येते. फोन हातात नको असेल तर मागाच्या खांबाला पुठ्ठा आणि पेन्सिल टांगा, हेच चार रकाने.

बोलणं वापरायचं ते पाळी सुटल्यावर, ऑफिसचं दार लावून. ‘सात नंबरचा बीम (ताण्याचा रूळ) सैल बसलाय, उद्या आधी तो बघायचा’ असं कारण आणि पुढचं काम सांगायला ते उत्तम. एक मिनिट पुरतं. आकडे मात्र तेव्हाही नंतर डोळ्यानं तपासा. सात, साठ आणि आठ यांत यंत्र फसतं, एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत माणूसही फसतो, आणि ‘अडीचशे’, ‘पावणेदोनशे’ कधी अक्षरांत येतं, कधी अंकात, कधी चुकीच्या अंकात. ऑर्डरचे नग आणि सुताचे वजन टाइपच करा.

मी दवाखान्यात रुग्णाची माहिती बोलून नोंदवू लागले आहे. वेळ वाचतो. काही धोका?

आहे, आणि तो ‘नाही’ या शब्दात आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘छातीत दुखत नाही’, ‘पेनिसिलिनची ॲलर्जी नाही’. वाक्याच्या शेवटी आवाज पडतो आणि घाईत माइकही तेव्हाच बंद केला जातो. ‘नाही’ गळला तर नोंदीचा अर्थ उलटा होतो आणि वाक्य दिसायला निर्दोष असतं. म्हणून माइक बंद करण्याआधी एक सेकंद थांबा आणि नकाराच्या गोष्टी वेगळ्या ओळीत घ्या: आधी ‘नसलेली लक्षणं’ म्हणा, मग ताप, खोकला, धाप अशी यादी. त्या यादीतला एखादा शब्द गळला तरी उरलेल्यांचा अर्थ फिरत नाही.

औषधाचं नाव, मात्रा आणि वेळा बोलून कधीच नोंदवू नका. हायड्रॉक्सिझिन ॲलर्जीचं, हायड्रालाझिन रक्तदाबाचं, आणि कानाला दोन्ही जवळपास सारखीच. ही तीन ठिकाणं हातानं टाइप करायची, मग बाकीची हकिकत हवी तेवढी बोला.

तुमचा आवाज बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन मजकूर होऊन येतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायद्याच्या आधी रुग्णाचा विश्वास आहे. नाव, गाव, फोन नंबर बोलू नका, ओपीडीचा क्रमांक टाइप करा. आणि दार बंद करून बोला. बाहेर बाकावर बसलेल्या शेजारणीला ऐकू जात असेल, तर कितीही सुरक्षित सर्व्हर असला तरी उपयोग नाही.

आम्ही अक्कलकोट तालुक्यातले, घरात कन्नड. ग्रामपंचायतीचं काम मराठीत. फोन दोन्ही भाषा एकत्र बोललं की गोंधळतो. आणि टाइप करायला शिकायचंच तर इन्स्क्रिप्ट शिकू की इंग्रजी अक्षरांनी मराठी?

माइकला एका वेळी एकच भाषा द्या, निदान एका परिच्छेदापुरती. अर्जाचा मुद्दा डोक्यात जुळवायचा असेल तर खुशाल कन्नडमध्ये बोलून साधं रेकॉर्डिंग करा. त्याला कुठलीच भाषा ओळखायची नसते. मग ऐकत ऐकत मराठीत टाइप करा. ज्या भाषेत सुचतं त्याच भाषेत विचार करावा. ठराव आणि अर्ज मात्र बोलून लिहू नका, त्यांतलं एक अक्षरही महाग पडतं.

रोज चार ओळींपेक्षा जास्त मराठी लिहिणार असाल तर इन्स्क्रिप्ट शिका. रोज अर्धा तास सराव केला तर महिन्या-दीड महिन्यात हात बसतो. शिवाय तुमच्या बाबतीत आणखी एक फायदा आहे. इन्स्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांना सामाईक आहे. मराठीत ‘क’ ज्या कळीवर, कन्नडमधला त्याच उच्चाराचा ‘ಕ’ही त्याच कळीवर. एकदा शिकलात की दोन भाषा आल्या. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. जोडाक्षरासाठी ‘डी’च्या कळीवर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह: ‘क्य’ हवा तर के, डी आणि तिरकी रेघ (/). ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यातला ‘ऱ्या’ अनेकांना येत नाही आणि ‘दुसर्या’ असं चुकीचं राहून जातं. त्यासाठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग काना, म्हणजे ई.

विंडोजमध्ये हे फुकट आहे. सेटिंग्ज, वेळ आणि भाषा, भाषा जोडा, मराठी. कळफलक बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस. इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिणारा फोनेटिक कळफलकही विंडोजमध्ये २०१९ पासून आहे, कधीमधी लिहिणाऱ्याला तो पुरेसा आहे. पण त्यात प्रत्येक शब्दाला पर्यायांची यादी पाहून निवड करावी लागते, नजर तिथं अडकते, आणि ठरावाचं वाक्य लिहिताना ती वाक्यावर असायला हवी. ग्रामपंचायतीचं नाव आणि योजनांची लांबलचक नावं फोनवर लिहायची असतील तर जीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात प्रत्येकाला दोन-तीन अक्षरांचं छोटं रूप देऊन ठेवा. ते छोटं रूप लिहिलं की पूर्ण नाव सूचनेत येतं.